पोटॅशियम कार्बोनेट, २५ किलोची गोणी: माल अस्सल, पिशवी भिकार

यंदा बेदाण्यासाठी तासगावच्या एका दुकानातून पोटॅशियम कार्बोनेटच्या चार गोण्या घेतल्या. आमच्याकडं याचं पूर्ण नाव कुणी घेत नाही, नुसतं 'कार्बोनेट' म्हणायचं. 'पोटॅश' मागितलं तर काउंटरवरचा नवखा पोरगा बागेला टाकायचं खत पुढं करतो. ते पोटॅशियम क्लोराईड, त्यात द्राक्षं बुडवून काही होत नाही.

काम साधं आहे. लिटरला २५ ग्रॅम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल. म्हणजे ५०० लिटरच्या टाकीला अर्धी गोणी. सामू (pH) ११ च्या आसपास जातो, द्राक्षांचा क्रेट दोन-तीन मिनिटं बुडवायचा, निथळला की माल वाळायला रॅकवर. मण्यावर जो पांढुरका मेणचट थर असतो तो या द्रावणानं मोकळा होतो आणि आतलं पाणी झपाट्यानं बाहेर पडतं. न बुडवता वाळवायला गेलं तर महिना जातो आणि रंग तपकिरी येतो तो वेगळाच.

आता गोणीचं. पहिली फोडली तर वर दगड आणि तळाला लापशी. घरची म्हणाली, "भेसळ दिसतेय, परत द्या." मला आधी वजन करावंसं वाटलं. काटा २६ किलो ६०० ग्रॅम दाखवत होता! गोणीवर पॅकिंग गेल्या मे महिन्याचं, आतली प्लॅस्टिक पिशवी कोपऱ्यात फाटलेली. म्हणजे अख्खा पावसाळा हिनं दुकानात बसून हवेतलं पाणी प्यायलं होतं.

पण पाणी धरलं म्हणून मी मालाला नावं ठेवणार नाही. हे कार्बोनेटच्या अंगचंच आहे, उघडं ठेवलं तर स्वतःच्याच पाण्यात विरघळून जातं. धुण्याचा सोडा असा पातळ होत नाही. तरी खात्री म्हणून दुसऱ्या, कोरड्या गोणीतली ६० ग्रॅम पावडर काचेच्या ग्लासात १०० मिली पाण्यात टाकली. ग्लास हाताला चांगला गरम लागला, आणि ढवळल्यावर थोड्या वेळात सगळं विरघळलं, तळाला कण नाही. साध्या तापमानाला एवढ्या पाण्यात हे ११० ग्रॅमच्या आसपास विरघळतं, धुण्याचा सोडा जेमतेम २१-२२ ग्रॅम. सोडा बराच मिसळला असता तर तळाला साका बसलाच असता. व्हिनेगर टाकून फेस बघणाऱ्यांनी तो नाद सोडावा, फेस दोन्हींना येतो.

खरी अडचण मात्रेची. ओली पावडर साडेबारा किलो मोजली तरी त्यात कार्बोनेट कमी आणि पाणी जास्त. घड नीट डिप होत नाहीत, मग चार दिवसांनी रॅकखाली उभं राहून डोकं खाजवायचं.

दुकानदाराला फोन केला. "अण्णा, कार्बोनेट पाणी धरणारच की!" म्हटलं, "शेठ, ते धरणारच, पण पाण्याचे पैसे मी का देऊ?" हसला आणि गोणी बदलून दिली, भाडं मात्र माझ्याच बोकांडी. बाकीच्या तिन्ही गोण्या खडखडीत निघाल्या, मीठ ओतावं तशी पावडर. सोनाका जातीच्या द्राक्षांचा माल सोळाव्या दिवशी उतरवला, रंग हिरवट-पिवळा, चिकटपणा नाही.

गोणीवर काच, साबण असे उपयोग छापलेत. भाचा खत कारखान्यात आहे, तो सांगतो की त्यांच्याकडं वायूतला कार्बन डायऑक्साइड शोषून घ्यायला याचंच गरम द्रावण फिरवतात. चॉकलेटसाठीच्या कोकोचा आंबटपणा मारून रंग गडद करायलाही हेच चालतं म्हणे. मात्र खायच्या मालाशी संबंध असेल तर गोणीवर फूड ग्रेड लिहिलंय का ते बघा. यावर लिहिलं होतं, म्हणून तर घेतली.

हातमोजे गोणीबरोबर मिळत नाहीत, ते आपले आपण घ्यावेत. आमच्या एका गड्यानं दुपारभर उघड्या हातानं टाकी ढवळली. आधी बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळीत झाली, संध्याकाळी नखांच्या कडेनं आग.

मालाला पाचपैकी साडेचार, पिशवीला दीड. पुढल्या वर्षी दिवाळीनंतरचं पॅकिंग असेल तरच उचलणार. उरलेली अर्धी गोणी आत्ताच निळ्या ड्रममध्ये ओतून झाकणाला चिकटपट्टी मारून ठेवली आहे.