उजनीवर बदकं बघायला कुणाच्या होडीत बसावं

भिगवणला रविवारी पक्षी बघणाऱ्यांची जत्रा भरायला लागल्यापासून मी उजनीची करमाळ्याकडची बाजू धरली आहे. साखर पेठेत माझं मेडिकल आहे, म्हणजे रविवारशिवाय सुटका नाही. पहाटे चारला सोलापूर सोडायचं, टेंभुर्णीला महामार्गावरून वळायचं आणि जेऊरवरून केतूरच्या अंगाला उतरायचं. उजाडताना आपण पाण्यावर असतो. १९८० साली भीमेवरचं हे धरण पूर्ण झालं आणि मागे गाळाचे उथळ पट्टे तयार झाले. हिवाळी बदकं येतात ती त्या पट्ट्यांसाठी.

ज्यांच्या होडीबद्दल लिहितेय ते मामा मूळचे मच्छीमार. होडीही मासेमारीचीच, बसायला आडवी फळी. मोटर आहे, पण थवा बराच लांब असतानाच ते ती बंद करतात आणि पुढे बांबूने रेटतात. तेही सरळ नाही, तिरकं तिरकं, आपलं काम दुसरीकडेच आहे असं दाखवत.

थापट्या बदकांचा मोठा थवा गोल फिरत पाणी चाळत होता. फावड्यासारख्या त्या चोचीच्या कडेला बारीक दातेरी झालर असते. पाणी बाहेर जातं, किडे आणि बिया आत राहतात. मी शटर दाबतच होते, तेवढ्यात चाळणं थांबलं आणि सगळ्या माना ताठ झाल्या. "बास. हितनं फुडं न्हाय," म्हणत मामांनी बांबू गाळात रोवला. जरा वेळाने माना खाली गेल्या, आणि मग एक नर आपणहून इतका जवळ आला की त्याचा पिवळा डोळा आणि चोचीवरून निथळणारं पाणी एकाच फोटोत मिळालं.

त्याच वेळी पलीकडच्या होडीतल्या पाहुण्यांना उडतानाचे फोटो हवे होते. त्यांच्या होडीवाल्याने मोटर थेट थव्यात घातली. मिळाल्या त्या पाठमोऱ्या शेपट्या. मामांना असं कुणी सांगितलं तर ते होडी काठाला लावतात. "कुठनं कुठनं आल्यालं पाखरू हाय ओ, खाऊ द्या की त्याला." मला तरी ह्याचेच पैसे द्यावेसे वाटतात.

ट्रायपॉड नेऊ नका, होडी हलते. मी सोलापुरी चादर चार पदरी करून होडीच्या काठावर टाकते आणि लेन्स तिच्यावर टेकवते. कॅमेरा पाण्याच्या जवळ राहतो, बदक डोळ्यासमोर येतं. थापट्याची छाती पांढरीशुभ्र, उन्हात फोटोत पार जळून जाते, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली ठेवा. नोव्हेंबरात घाई करण्यात अर्थ नाही, बरेचसे नर तेव्हा अजून मादीसारखेच तपकिरी असतात. जानेवारीत रंग बघा. तलवार बदकाची शेपूटही तेव्हाच शोभते. चक्रवाक मात्र कधीही देखणा, आणि जोडीशिवाय क्वचितच दिसतो.

आता तक्रारी. लाइफ जॅकेटं आहेत, पण अर्ध्यांचे पट्टे तुटलेले. पोहता येत नसेल तर स्वतःचं घेऊन जा आणि मामांना बोला, मीही बोलले आहे. काठावर बायकांसाठी काहीही सोय नाही, ती जेऊरलाच उरकून घ्यावी लागते. रेंज नसल्यामुळे फोनवरून पैसे जात नाहीत, रोकड ठेवा. दोन तासांचे १,२०० रुपये, होडीत चौघंच. पाचव्याला घेत नाहीत, हुज्जत घालू नका.

निघण्याआधी पाणी किती आहे ते विचारा. धरण तुडुंब असलं की उथळ काठच उरत नाही आणि बदकं पांगतात. जेवण हवं असेल तर आदल्या दिवशी सांगून ठेवा. चिलापी तळलेलीच मागा. रस्सा मागितलात तर दुपारची गाडी दुसऱ्याला चालवायला द्यावी लागेल, इतका तिखट असतो.