सूर्याविना जीवन दाखवू पाहणारी काळी नळी : एका प्रयोगसंचाचे परीक्षण

सर्गेई विनोग्राड्स्की या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा चिखलाचा स्तंभ घरच्या घरी उभारता यावा, यासाठी मिळणारा एक संच मी तीन महिने वापरला. त्यात दोन पारदर्शक नळ्या, खडूची भुकटी, जिप्सम, कागदाचे कपटे, एका नळीसाठी काळे वेष्टन आणि माहितीपुस्तिका असते. चिखल आणि तळ्याचे पाणी आपण आणायचे.

उजेडातल्या नळीबद्दल तक्रारीला जागा नाही. काही आठवड्यांत वरती हिरवा थर, त्याखाली गंधक वापरणाऱ्या जिवाणूंची जांभळी झाक आणि तळाशी लोहाच्या सल्फाइडचा काळेपणा इतका स्पष्ट दिसू लागला की, पुस्तिकेतले चित्र त्यापुढे फिके वाटले. झाकणे मात्र फार घट्ट आहेत. आत वायू साठतो, म्हणून ती सैल ठेवावीत आणि सडक्या अंड्यांच्या वासाची तयारीही ठेवावी.

माझा आक्षेप आहे तो काळ्या वेष्टनातल्या नळीविषयी. तिथे उजेड नसूनही जिवाणू वाढतात, यावरून जीवनाला सूर्याची गरज नसल्याचे सिद्ध होते, असे पुस्तिका सांगते. परंतु ते जिवाणू ज्या कागदावर आणि चिखलातल्या कुजक्या पाल्यावर जगतात, ती वनस्पतींनी पूर्वी साठवलेली सूर्याचीच ऊर्जा आहे.

पुस्तिकेतले दुसरे उदाहरण अधिक वजनदार आहे. गॅलापागोस बेटांजवळ सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर १९७७ साली सापडलेल्या उष्ण झऱ्यांभोवतीच्या महाकाय नळकृमींना तोंड किंवा आतडे नसते. त्यांच्या शरीरातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून त्यांना पोसतात. मात्र या प्रक्रियेला लागणारा, पाण्यात विरघळलेला प्राणवायू प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो, हे पुस्तिकेने सांगितलेले नाही. केवळ इंधन कोठून येते एवढेच विचारून भागत नाही; ते ‘जाळायला’ काय लागते, हेही विचारावे लागते.

या दोन्ही कसोट्यांना उतरणारी उदाहरणे पुस्तिकेत नाहीत, हे मला सर्वांत खटकले. खडक आणि पाणी यांच्या अभिक्रियेतून निघणारा हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांवर जगणाऱ्या मिथेनजनक सूक्ष्मजीवांना प्राणवायूही नको असतो. दक्षिण आफ्रिकेतील एका सोन्याच्या खाणीत २.८ किलोमीटर खोलीवर सापडलेला जिवाणू तर युरेनियमसारख्या किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या प्रारणामुळे पाण्याचे विघटन होऊन सुटणाऱ्या हायड्रोजनवर आणि सल्फेटवर गुजराण करतो. एवढ्यासाठी अर्धे पान पुरले असते.

तरीही संच घ्यावा, असेच मी म्हणेन. शिकवणाऱ्याने काळ्या नळीचा निष्कर्ष तेवढा स्वतः दुरुस्त करून सांगावा. माझी काळी नळी अजून चालू आहे, कारण आतला कागद पुरता विरलेला नाही.