टायरमध्ये हवा भरायचा बारा व्होल्टचा पंप: उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यावर

मागच्या आठवड्यात पंप बंद पडला आणि कंपनीच्या कस्टमर केअरने जे उत्तर दिलं, त्या संतापात हे लिहायला घेतलं. लिहिता लिहिता संताप उतरला, कारण वस्तू चांगली आहे. फक्त तिची पितळी नोझल ज्याने ठरवली त्याने स्वतः चार चाकांत कधी हवा भरलेली नाही, याची मला खात्री आहे. ब्रँडचं नाव देत नाही. दीड ते अडीच हजारांतले डिजिटल पंप बरेचसे एकाच साच्याचे असतात, त्यामुळे हे कोणालाही लागू पडेल. वायरवाला, प्रेशर सेट केलं की आपोआप बंद होणारा, टॉर्च असलेला, तोच तो सगळ्यांनी पाहिलेला प्रकार.

आधी बिघाडाचं सांगतो. सकाळी पिन सॉकेटमध्ये घातली, स्क्रीन पेटलीच नाही. गाडीच्या सॉकेटवर मोबाईल चार्ज होत होता, म्हणजे गाडीचा फ्यूज शाबूत. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणाले, मूळ खोक्यासकट कुरिअर करा, कुरिअरचा खर्च तुमचा, पंधरा कामाचे दिवस लागतील. वॉरंटीत असलेल्या वस्तूसाठी! काय झालंय हे विचारायचीही त्यांना गरज वाटली नाही. कोपऱ्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने पिनच्या टोकाची गोल टोपी फिरवून काढली, आतून काचेचा फ्यूज बाहेर आला, त्यातली तार तुटलेली. "भाऊ, पंपाला काही झालेलं नाही," एवढंच बोलून त्याने तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घातला. दहा रुपये. ही एक ओळ मॅन्युअलमध्ये असती तर कितीतरी लोकांचे चांगले पंप भंगारात गेले नसते. जादा फ्यूज बॉक्समध्ये द्यायला कंपनीला किती पैसे पडतात? फ्यूज बदलताना जास्त अँपिअरचा घालू नका आणि चंदेरी कागद गुंडाळून काम भागवू नका. फ्यूज वितळला नाही तर वायर वितळते.

घ्यायच्या आधी सॉकेटच्या झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघा. बऱ्याच गाड्यांत 120 वॉट म्हणजे 10 अँपिअरची मर्यादा असते. पंप त्यापेक्षा जास्त खेचणारा असेल तर गाडीचाच फ्यूज उडतो.

आता नोझल. टायरच्या व्हॉल्व्हवर ही पितळेची नोझल आट्यांवर फिरवत बसवायची. बसवताना ठीक. काढताना पाच-सहा वेढे उलटे द्यावे लागतात आणि त्यातल्या शेवटच्या दोन-तीन वेढ्यांत व्हॉल्व्हमधली पिन दाबलेलीच राहते, पण सील सुटलेलं असतं. फुस्स करून हवा जाते. हात चपळ असेल तर एक पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), नाहीतर दोन. म्हणजे यंत्राने 33 ला अचूक थांबायचं आणि आपण नोझल काढेपर्यंत 31 उरायचे. वर पितळ तापलेलं असतं. मागच्या चाकांपर्यंत येता येता ते इतकं तापतं की उघड्या बोटांनी फिरवता येत नाही. मी दरवाज्यात जुना रुमाल ठेवतो खास एवढ्यासाठी. सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पंपालाही खटक्याची क्लिप असते, अंगठ्याने उचलली की झटक्यात सुटते. ती इथे द्यायला काय हरकत होती? शेवटी मी बाजारातून खटक्याचा जोड आणून नोझलवर बसवला. दोनशेच्या आत काम झालं आणि तेव्हापासून 33 चे 33 राहतात.

सुरुवातीचे दोनेक महिने मी या पंपाला पाचपैकी दोनच तारे दिले असते. कारण त्याचा काटा, म्हणजे आकडा, पेट्रोल पंपावरच्या आकड्याशी कधी जुळायचा नाही. घरी 33 भरून निघालो आणि पेट्रोल पंपावर बघितलं तर तिथलं मशीन 36 दाखवायचं. मग स्वतंत्र डायल गेज घेतलं आणि शहरातल्या तीन पेट्रोल पंपांवर एकाच सकाळी फिरलो. तिन्हीकडे आकडे वेगळे. एका ठिकाणी तर नळीच्या तोंडाशी गळती होती. माझा पंप डायल गेजच्या एक पीएसआयच्या आत होता. तिथून माझं मत पालटलं.

आकडा बघायची पद्धतही आहे. पंप चालू असताना स्क्रीनवर दिसतो तो नळीतला दाब, टायरमधला नाही. तो थोडा जास्तच असतो. पंप थांबला की दोन सेकंद थांबून वाचा, कमी दिसला तर पुन्हा बटण दाबा. तसं केलं तर आपोआप बंद होण्याची सोय भरवशाची आहे.

पण आकडा जुळत नव्हता त्याचं मोठं कारण वेगळंच होतं आणि हा पंप घेण्याचं खरं कारणही तेच. ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या खांबावर जो स्टिकर असतो, त्यावरचं प्रेशर थंड टायरचं असतं. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असली पाहिजे, किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. पेट्रोल पंपावर आपण पोचतो तेव्हा टायर गरम झालेला असतो आणि आतली हवा फुगून तीन-चार पीएसआय जास्त दाखवते. तिथला मुलगा विचारतो, "साहेब, तीस-तीस ना?" आणि गरम टायरमधली हवा सोडून तीस करून देतो. सकाळी तोच टायर सव्वीस-सत्तावीसवर असतो. गाडीला 33 हवेत. पेट्रोल पंपावर हवा फुकट देणं बंधनकारक आहे आणि ती घ्यावीच, पण फुकट हवेत हा तोटा लपलेला असतो. घराच्या पार्किंगमध्ये, सकाळी, गाडी सुरू करण्याआधी मोजायला स्वतःचं गेज लागतं आणि भरायला पंप लागतो. दुसरा इलाज नाही.

(भरताना इंजिन चालू ठेवावं, नाहीतर बॅटरी उतरते. मात्र बेसमेंटच्या बंद पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून चाकाशेजारी बसू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.)

आमच्या संभाजीनगरला मे महिन्यात पहाटेसुद्धा उकडतं आणि डिसेंबरात स्वेटर लागतो. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय उतरतो. शिवाय टायर धडधाकट असला तरी महिन्याला एखादा पीएसआय असाच झिरपतो. उन्हाळ्यात बरोबर भरलेली गाडी थंडीत काहीही न होता चार-पाच पीएसआय खाली असते आणि डोळ्याला काहीच कळत नाही. ट्यूबलेस टायर बसला तरी उभाच दिसतो.

आता समृद्धी महामार्गाबद्दल, कारण या विषयावर चुकीचे सल्ले सर्रास दिले जातात आणि त्याने माणसं मरतात. सासुरवाडी नागपूरची, त्यामुळे सावंगीला समृद्धीवर चढून जाणं-येणं नेहमीचं. पहिल्यांदा त्या रस्त्याने निघालो तेव्हा सासऱ्यांचा फोन: "जावईबापू, हवा थोडी कमी करून घ्या, सिमेंटचा रस्ता आहे, टायर तापून फुटतात." त्यांच्या काळजीत खोट नाही, पण सल्ला उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बगल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते आणि सुटते. त्या दबण्यातूनच उष्णता तयार होते. 120 च्या वेगाने तासन् तास, ना वळण ना ब्रेक, अशी ती साठत जाते आणि आतले थर सुटायला लागतात. टायर फुटतो तो यामुळे. योग्य हवा असलेला टायर चालताना चार-पाच पीएसआयने वाढतो, त्याची सोय टायर बनवतानाच केलेली असते. म्हणून वाटेत थांबून गरम टायरची हवा सोडू नये. भरल्या गाडीसाठी स्टिकरवर वेगळा आकडा असतो. माझ्या गाडीला चौघं आणि सामान असलं की मागे 36 लागतात. मी आदल्या रात्री गाडी उभी करतो आणि पहाटे निघण्यापूर्वी तेवढे भरतो. 2023 मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला सुरुवात केली होती, ते योग्यच होतं. पण तपासणारा नक्षी बघू शकतो, तुमचा थंड आकडा त्याला कळणार नाही.

नक्षी आणि वयही बघून ठेवा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली म्हणजे 1.6 मिलिमीटर उरली, टायर संपला. बगलेवर चार आकडे असतात, समजा 2321, म्हणजे 2021 सालचा तेविसावा आठवडा. नवीन टायर घेताना दुकानदार नाइट्रोजन भरण्याचा आग्रह धरतात. साध्या हवेत 78 टक्के नाइट्रोजनच असतो. मी एकदाही पैसे दिलेले नाहीत.

हिशोब. "पंप घ्या, मायलेज वाढेल" अशी जाहिरात असते. अमेरिकी ऊर्जा विभागाचा आकडा असा आहे की चारही टायरांचा सरासरी दाब एक पीएसआयने उतरला तर मायलेज साधारण 0.2 टक्के घटतं. पाच पीएसआय कमी असले तर एक टक्का. माझं महिन्याचं पेट्रोल सात हजारांचं, म्हणजे वाचतात सत्तर रुपये. नुसत्या पेट्रोलवर 2,200 रुपयांचा पंप वसूल व्हायला अडीच वर्षांपेक्षा जास्त लागतील. हे विक्रेते सांगत नाहीत. खरा पैसा टायरमध्ये आहे. माझा आधीचा संच दोन्ही कडांनी झिजला, मधली नक्षी चांगली शिल्लक होती. कमी हवेची हीच खूण. (जास्त हवा असेल तर उलट मध्यभाग झिजतो.) चार टायरांना वीस-बावीस हजार मोजावे लागतात. त्यांचं आयुष्य दहा टक्क्यांनी जरी वाढलं तरी पंप एका संचातच फिटतो. आत्ताच्या संचाची झीज कडेला आणि मध्ये सारखी दिसते आहे.

आणखी एक फायदा मी धरलाच नव्हता. घरी नियमित भरायला लागल्यावर लक्षात आलं की तीन चाकं महिनाभर जागेवर आहेत आणि मागचं डावं मात्र दर आठवड्याला हवा मागतंय. साबणाचं पाणी घेऊन बसलो. व्हॉल्व्हवर काही नाही. चाक थोडं थोडं पुढे घेत नक्षीवर पाणी सोडलं आणि एका खाचेत मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक यायला लागले. बारीक खिळ्याचं डोकं झिजून रबराच्या बरोबरीला आलेलं होतं. पंक्चरवाल्याने दहा मिनिटांत स्ट्रिप मारून दिली. हे हायवेवर कळलं असतं तर? बगलेला छिद्र असेल तर मात्र स्ट्रिपवर भरवसा ठेवू नका, टायर बदला.

2020 पासून नियम असा आहे की टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट असेल तर कंपनीने कारमध्ये स्टेपनी दिली नाही तरी चालतं. तुमच्या गाडीत स्टेपनी नसेल तर असा पंप चैन म्हणून नाही, गरज म्हणून घ्या. स्टेपनी असेल तर तिचीही हवा बघा. माझ्या ओळखीत कोणीच बघत नाही.

बाकी किरकोळ. आवाज मिक्सरमध्ये खोबरं वाटल्यासारखा, सकाळी सहाला सोसायटीत ओशाळायला होतं. वायर माझ्या हॅचबॅकला जेमतेम पुरते, लांब एसयूव्ही असेल तर चार मीटरची बघा. सलग दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, गार होऊ द्या. पाच पीएसआय भरायला एका चाकाला दीड-दोन मिनिटं लागतात. बॅटरीवाला घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. मराठवाडा-विदर्भात उन्हात उभ्या गाडीत लिथियम बॅटरी ठेवायला माझा विरोध आहे, आणि ती खराब झाली की पंप गेला. वायरवाल्याचा फार तर फ्यूज जातो.

आता घ्यायचा झाला तर मी खटक्याची क्लिप जोडूनच येणारा बघेन, मग आकडा, मग वायर, आणि टॉर्चकडे ढुंकूनही बघणार नाही. सासऱ्यांना दिवाळीत तसाच मागवून दिला. माझ्यापेक्षा साडेतीनशेने स्वस्त पडला.