कोकणपट्टीला कोणता रेडिओ: आकाशवाणी की सामुदायिक?

आकाशवाणीची मध्यम लहर (मीडियम वेव्ह) दर्यावर लांबवर पोचते. वादळाचा इशारा ऐकून होड्या बंदरात आणणाऱ्यांना तिचं मोल वेगळं सांगायला नको. रत्नागिरीला तिचं स्वतःचं केंद्र आहे. कारभार १९९७ पासून प्रसार भारती या सार्वजनिक प्रसारण संस्थेकडे.

सामुदायिक रेडिओ म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरातल्या लोकांसाठी चालवलेलं छोटं केंद्र. त्याचा परवाना २००६ पासून स्वयंसेवी संस्थांनाही मिळतो. ट्रान्समीटर साधारण १०० वॉटचा, आवाज १०-१५ किलोमीटर. मध्ये डोंगर आला की त्याहून कमी. स्वतःच्या बातम्या द्यायला मनाई, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा किंवा स्थानिक बोलीत भाषांतर करून लावायच्या. ही अट मला फार खटकते. जेटीवर काय घडलं ते जेटीवरच्या माणसांनी का सांगू नये? तरीही मालवणीत गजाली करणारं केंद्र हवं, तर मी सामुदायिकच निवडेन. वादळाच्या दिवशी मात्र आकाशवाणी.