नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर झॅम्प: वापरून लिहिलेला रिव्ह्यू

गावाकडे पीएचपी (वेबसाइट लिहायची भाषा) शिकणारी पोरं किंवा दुकानाचं, पतसंस्थेचं छोटं सॉफ्टवेअर लिहिणारे मित्र विचारतात, ज्या कॉम्प्युटरला नेटच नाही त्यावर सर्व्हर चालवायला काय टाकू, तर मी अजूनही झॅम्पच सांगतो, म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, इन्स्टॉलर एकदा पेनड्राइव्हवर घेतला की नंतर काही डाउनलोड करावं लागत नाही, अपाची (ब्राउझरला पानं देणारा सर्व्हर), पीएचपी, डेटाबेस सगळं एकाच फोल्डरात येतं. अपाची फ्रेंड्सवाले २००२ पासून हे देतायत, हे सगळं चालू-बंद करायचं पॅनेल दिसायला जुनाट आहे पण काम चोख. (पॅनेलवर डेटाबेसचं नाव मायएसक्यूएल लिहिलेलं असतं, आत २०१५ पासून मारियाडीबी आहे, कोडला त्याने फरक पडत नाही.)

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार ही, की वायफाय चालू होतं तोवर साइट उघडत होती, वायफाय बंद केलं आणि गेली, म्हणजे झॅम्पला नेट लागतं. नाही लागत हो. लोकलहोस्ट म्हणजे आपलंच मशीन, १२७.०.०.१, तो पत्ता मशीनच्या आतल्या आतच फिरतो, केबल काढा, राउटर बंद करा, तो कुठेही जात नाही. घोळ होतो तो कोडमध्ये नाहीतर बुकमार्कमध्ये १९२.१६८.१.५ असला पत्ता लिहून ठेवलेला असतो म्हणून. तो राउटरने दिलेला पत्ता. नुसतं इंटरनेट गेलं आणि राउटर चालू असला तर काही बिघडत नाही, लॅबमधल्या बाकीच्या मशीनवरूनसुद्धा साइट उघडते, पण केबलच निघाली की तो पत्ता विंडोजकडे उरत नाही आणि क्रोम बहुतेक वेळा नेट नसल्याचा डायनासोर दाखवतं. वर्डप्रेसवर साइट बनवणारे इथे हमखास अडकतात, कारण साइटचा पत्ता डेटाबेसमध्ये साठवलेला असतो, तुम्ही लोकलहोस्ट टाइप केलं तरी ते तुम्हाला परत जुन्या पत्त्यावर ढकलतं. पीएचपीमायअ‍ॅडमिन (झॅम्पसोबतच येणारं, डेटाबेस बघायचं पान) उघडा, डब्ल्यूपी_ऑप्शन्स टेबलात साइटयूआरएल आणि होम या दोन ओळींत लोकलहोस्टचा पत्ता लिहा, विषय संपला.

आता माझी झॅम्पवरची खरी नाराजी. अपाची चालू झालं नाही की पॅनेलवर लाल अक्षरात एकच ठरलेला मेसेज येतो: अपाची अचानक बंद पडलं, पोर्ट (सर्व्हर ज्या नंबराच्या दारातून बोलतो ते) अडला असेल, काहीतरी फाइल नसेल, परवानगी नसेल, क्रॅश झालं असेल. कारण काहीही असो, मेसेज तोच. नवीन पोरगं यातून काय शोधणार? आणि लॉग्सचं बटण दाबून एरर लॉग उघडला तर पुष्कळदा तिथे काहीच नवीन नसतं, कारण लॉगमध्ये काही लिहायच्या आधीच अपाची पडलेलं असतं. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्ट उघडून झॅम्पच्या फोल्डरातली अपाची_स्टार्ट ही बॅच फाइल चालवा, खरी एरर तिथे दिसते. त्यात ओएस १००४८ दिसलं तर तो पोर्ट दुसऱ्या कुणीतरी धरलाय. १००४९ दिसलं तर अपाचीला जो पत्ता धरायला सांगितलाय तो सध्या मशीनवर नाहीच, आणि वायफाय बंद केल्यावर नेमकी हीच एरर येते, जर कुणी अपाचीच्या एचटीटीपीडी.कॉन्फ या सेटिंगच्या फाइलीत लिसनच्या पुढे आयपी पत्ता लिहून ठेवला असेल. तिथे नुसतं लिसन ८० करा. एका आकड्याचा फरक, पण दोन्हीची औषधं पूर्ण वेगळी, आणि हे पॅनेलनेच सांगायला हवं होतं असं मला फार वाटतं.

पोर्ट अडल्याचं मात्र झॅम्प चांगलं दाखवतं, त्याचं कौतुक केलंच पाहिजे. पॅनेलवर नेटस्टॅटचं बटण आहे, दाबलं की कुठला पोर्ट कोणत्या प्रोग्रॅमकडे आहे ती यादी समोर. ८० च्या पुढे पीआयडी (चालू प्रोग्रॅमचा नंबर) ४, सिस्टम असं दिसलं तर बऱ्याचदा विंडोजचा स्वतःचा वेब सर्व्हर आयआयएस चालू असतो, सर्व्हिसेसमध्ये जाऊन वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस थांबवा, नाहीतर अपाची ८०८० वर न्या आणि ब्राउझरमध्ये लोकलहोस्टपुढे कोलन देऊन तो आकडा लिहा.

एखादं जुनं सॉफ्टवेअर ठरावीक आयपीशिवाय चालतच नसेल तर त्यालाही उपाय आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये अ‍ॅड लेगसी हार्डवेअरमधून मायक्रोसॉफ्ट केएम-टेस्ट लूपबॅक अ‍ॅडॉप्टर टाका आणि त्याला तो आयपी द्या, केबल नसली तरी हा खोटा अ‍ॅडॉप्टर जोडलेलाच राहतो. फक्त राउटर परत जोडाल तेव्हा दोन्हीकडे एकच पत्ता नको, तेवढं बघा.

साइट उघडते पण उघडायला वेळ लागतो, डिझाइन विस्कटलेलं दिसतं, मेनू दाबला जात नाही, याचाही दोष लोक झॅम्पला देतात. बूटस्ट्रॅप, जेक्वेरी या डिझाइनच्या, मेनूच्या तयार फाइली बाहेरच्या सर्व्हरवरून मागवलेल्या असतात, नेट नाही तर येणार कुठून. मराठी पानांवर तर लगेच कळतं, मुक्ता फॉन्ट गूगलवरून घेतलेला असेल तर नेट गेल्यावर अक्षरं विंडोजच्या निर्मला किंवा मंगलमध्ये येतात आणि बटणांवरचा मजकूर कधीकधी खाली घसरतो. क्रोममध्ये एफ१२ दाबून नेटवर्क टॅब बघा, लाल ओळी दिसतील, त्या सगळ्या फाइली उतरवून प्रोजेक्टच्या फोल्डरात ठेवा.

डेटाबेस हा झॅम्पचा सगळ्यात नाजूक भाग. डेस्कटॉपला यूपीएस नाही आणि लाइट गेली की मायएसक्यूएल परत चालू होताना रुसतं. अशा वेळी घाईने अनइन्स्टॉल करू नका, कळकळीने सांगतो, तुमचा सगळा डेटा मायएसक्यूएलच्या आतल्या डेटा फोल्डरात आहे. आधी त्या फोल्डराची जशीच्या तशी कॉपी काढा, मगच कुठलाही उपाय करा. आणि रूट युजरला सुरुवातीला पासवर्डच नसतो, एकट्या बंद मशीनवर चालून जातं पण ते मशीन कधी ऑफिसच्या नेटवर्कला जोडणार असाल तर आधी पासवर्ड घाला.

लॅरागॉन, वॅम्प ही असलीच दुसरी सॉफ्टवेअरंही वापरलीत, लॅरागॉन दिसायला देखणं आहे आणि प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःचं नाव देतं, ते आवडतं. पण शिकवायला, आणि दुसऱ्याच्या मशीनवर फोनवरून बिघाड शोधायला मला झॅम्पच सोपं पडतं, पाचपैकी चार स्टार, एक त्या लाल मेसेजचा कापला.