समुद्री विघटन चाचणी, किनाऱ्यावरच : पाणी उत्तम, अहवालाची भाषा कच्ची

रसायन समुद्राच्या पाण्यात कितपत विघटित होतं हे पाहणारी ‘ओईसीडी ३०६’ (ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची प्रमाणित चाचणी) ही पद्धत १९९२ ची. तिच्यात बाहेरून जिवाणू घालत नाहीत. पाण्यात मुळात असतात तेवढ्यांनीच काम करायचं. त्यामुळे पाणी कुठून आणि कधी आणलं, यावर अर्धी चाचणी ठरते. कोकणातल्या ज्या खासगी प्रयोगशाळेचा हा आढावा, तिची जमेची बाजू नेमकी हीच.

पाणी खाडीच्या मुखाशी न भरता होडीने बाहेर जाऊन, भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या, कमी जोराच्या) भरतीला घेतात. उधाणात गाळ उठतो, त्यातला सेंद्रिय कचरा स्वतःच ऑक्सिजन खातो आणि ब्लँक (रसायन न घालता तुलनेसाठी ठेवलेलं नुसतं पाणी) बिघडतो. आणलेलं पाणी जाड गाळणीतून काढतात (मेम्ब्रेन फिल्टर लावला तर जिवाणूच वर राहतील), आठवडाभर हवा देत अंधारात ठेवतात, मग फॉस्फेट, अमोनियम आणि लोहाचे क्षार मिसळतात.

चाचणीचे दोन प्रकार : बंद बाटली आणि शेक फ्लास्क. बंद बाटलीत पाण्यातला ऑक्सिजन किती घटला ते मोजतात, त्यात रसायनाची मात्रा हा नाजूक भाग. २० अंशांना समुद्राच्या पाण्यात लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. संदर्भासाठीचं सोडियम बेंझोएट १ मिलिग्रॅमला १.६७ मिलिग्रॅम ऑक्सिजन घेतं. म्हणजे ३ मिलिग्रॅमला ५ लागणार. त्यात ब्लँकने मर्यादेइतका, ३० टक्के, खाल्ला तर बाटलीतला ऑक्सिजन जवळजवळ संपतो. इथे २ मिलिग्रॅमच घेतात, ते योग्य.

बाटल्या भरणंही चोख. नळी तळापर्यंत नेऊन, पाणी वरून वाहू देऊन बूच तिरकं सरकवतात. बुचाखाली मुगाएवढा बुडबुडा अडकला तरी त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरून आकडा खोटा पडतो. ०, ५, १५ आणि २८ व्या दिवशी दोन-दोन बाटल्या उघडून विंकलर पद्धतीने (रासायनिक टायट्रेशनने) उरलेल्या ऑक्सिजनची मोजणी होते.

खटकतो तो अहवालाचा शेवट. विघटन (पूर्ण विघटनाला लागणाऱ्या ऑक्सिजनच्या तुलनेत) ६० टक्क्यांच्या खाली राहिलं की सरळ ‘समुद्रात विघटन होत नाही’ असं लिहितात. हे चूक आहे. ६० च्या वर गेलं तर पदार्थात विघटनाची क्षमता आहे एवढं म्हणता येतं. खाली राहिलं तर पुढचा अभ्यास हवा, इतकंच. एखादा साधा साबण या एका वाक्याने बदनाम होऊ शकतो. नायट्रोजनयुक्त पदार्थांत नायट्रीकरणाने (अमोनियाचं नायट्रेट होताना) गेलेला ऑक्सिजनही वेगळा दाखवत नाहीत, त्यामुळे उलट बाजूने आकडा फुगतो.

नमुना देतानाच तीन गोष्टी लेखी मागाव्यात : पाण्याची क्षारता व उचलल्याची जागा, ब्लँकचे कच्चे आकडे, आणि २८ दिवसांचा इन्क्युबेटरचा तापमान-आलेख. चाचणी १५ ते २० अंशांत चालते, बाहेर तीस असताना तासभर वीज गेली तरी आत फरक पडतो. अविद्राव्य पदार्थ असेल तर साठ दिवसांच्या शेक फ्लास्क प्रकाराचा आग्रह धरू नये. तो विरघळलेल्या कार्बनवर चालतो. आणि काम मे महिन्याआधी उरकावं. पावसाळ्यात नद्यांचं गढूळ गोडं पाणी दूरवर पसरतं, होड्याही बाहेर पडत नाहीत.