अभयारण्यातील एक दिवस की गावाच्या जंगलातील एक वर्ष?

मृग लागला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात झाडे लावू इच्छिणाऱ्यांना दोन ठिकाणांहून बोलावणे येते. एक असते अभयारण्यातील वृक्षारोपणाचे, बहुधा जुलैच्या पहिल्या आठवड्यातील एका दिवसाचे. दुसरे असते जंगलाला लागून असलेल्या एखाद्या ग्रामसभेचे, सामूहिक वनहक्कात मिळालेल्या जमिनीवर वर्षभर थोडे थोडे काम करण्याचे. मी पहिल्या प्रकारात तीन पावसाळे घालवले आणि गेली चार वर्षे दुसऱ्यात आहे. यंदा कुठे जावे असे काही तरुण मित्र विचारत आहेत, म्हणून दोन्हींचा अनुभव मांडतो.

अभयारण्यातील कामाची व्यवस्था चोख असते, हे आधी सांगितले पाहिजे. खड्डे उन्हाळ्यातच खोदून तापू दिलेले असतात, रोपे रोपवाटिकेतून गाडीने आलेली असतात, वनरक्षक सोबत असतो आणि आवळा, बेहडा, अर्जुन अशी इथलीच झाडे लावली जातात. २०१६ मधील २ कोटींपासून २०१९ मधील ३३ कोटींपर्यंत राज्य सरकारने वृक्षलागवडीचे जे संकल्प केले, त्यांमुळे असा दिवस गावोगावी ओळखीचा झाला आहे. ज्याला वर्षातून एकच दिवस काढता येतो, किंवा ज्याला मुलांच्या हाताला पहिल्यांदा ओली माती लागू द्यायची आहे, त्याने तिकडे अवश्य जावे. मात्र ते अभयारण्य कशासाठी राखले आहे, एवढे आधी विचारून घ्यावे. वाशीम जिल्ह्यातील कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांचे आहे. काळविटाला दूरवर नजर जाईल असे मोकळे गवताळ रान लागते, आणि अशा रानात दाट झाडे लावली तर त्याचे घरच बुजते. तशा ठिकाणी कुणी गवतात माजलेले रानतुळशीचे तण उपटायला बोलावले, तर ते काम झाडे लावण्याइतकेच मोलाचे समजावे.

माझा निर्णय ज्या गोष्टीने झाला ती साधी आहे. अभयारण्यात लावलेले झाड आपल्याला पुन्हा भेटत नाही. पहिल्या वर्षी मी नाल्याच्या काठी एका काळ्या दगडाच्या आडोशाला आवळ्याचे रोप लावले. पिशवी उभी चिरली तेव्हा तळाशी मुळांनी तीन वेढे घेतलेले दिसले. ते बोटांनी सोडवले, खालचा गुंता छाटला, रोप बसवले आणि पायाने माती दाबली. ऑगस्टमध्ये पावसाने तीन आठवडे खंड दिला, तेव्हा घरच्या कपाशीइतकीच त्या रोपाची काळजी लागली होती. सप्टेंबरमध्ये निंदणीला येऊ का, असे विचारले, तर परवानगीशिवाय आत येता येणार नाही असे उत्तर मिळाले. पुढच्या मे महिन्यात तिकीट काढून जिप्सीने गेलो. गाडीतून खाली उतरण्यास मनाई असते. काळा दगड दिसला, शेजारी रोवलेली बांबूची काडीही दिसली. पण काडीजवळ आवळा होता की वाळलेले गवत, हे वीस पावलांवरून कळले नाही आणि गाडी पुढे निघाली. नियम योग्यच आहे, कारण ते जनावरांचे घर आहे. वनमजुरांनी त्या रोपाची निगा राखलीही असेल. तरीही पुढचे दोन पावसाळे तीच हुरहूर घेऊन मी परतलो.

गावाच्या जंगलात ही अडचण उरत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले जंगल राखण्याचा आणि वाढवण्याचा हक्क दिला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर असा हक्क मिळाला, आणि अमरावती जिल्ह्यातील पायविहीरच्या लोकांनी उजाड जमिनीवर पुन्हा जंगल उभे केले. मी जातो ते गाव तेवढे नावाजलेले नाही, पण कामाची रीत तीच आहे. जूनच्या अखेरीस मोहाची टोळी, म्हणजे बी, गोळा करून लगेच जमिनीत टोचायची, कारण हे बी फार दिवस टिकत नाही. जागेवर उगवलेल्या मोहाचे सोटमूळ सरळ खाली जाते, पिशवीतल्यासारखे वेढे घेत नाही. ऑगस्टमध्ये नांगी भरायची, म्हणजे रिकाम्या राहिलेल्या जागी पुन्हा लावायचे, सप्टेंबरमध्ये निंदणी करायची आणि होळीच्या आधी वणवा अडवणारी जाळरेषा काढायची.

पहिल्या निंदणीच्या वेळी तरोटा कमरेएवढा वाढला होता आणि रोपे दिसत नव्हती. मी विळा बाजूला ठेवून दोन्ही हातांनी गवत उपटू लागलो, तेव्हा शेजारच्या ओळीतील आजींनी मला थांबवले. "भाऊ, गवत उपटू नका, कापून बुडाशीच टाका, मंग भुई वली राह्यते." त्या दिवशी गवताखाली मोहाची दोन तांबूस पाने सापडली, तेव्हा झालेला आनंद मला आधीच्या तिन्ही वर्षांत मिळाला नव्हता. आमच्या गटाने टोचलेल्या ४० जागांपैकी २७ ठिकाणी आज झाड उभे आहे, आणि जी १३ गेली ती कशी गेली हेही आम्हाला ठाऊक आहे: काही शेळ्यांनी खाल्ली, काही रोह्यांनी (नीलगायींनी) मोडली, चार वणव्यात गेली.

इथेही त्रास आहे, तो लपवत नाही. सोयाबीनची सोंगणी निघाली की ठरलेले काम पुढे जाते, ग्रामसभेची बैठक दोन तास लांबते, आणि चराईबंदीवरून शेजारच्या गावाशी बोलाचालीही होते. कामाचे छायाचित्र काढण्याजोगे तर फारसे काही नसते. ज्याला नेमक्या वेळी नेमके काम हवे, त्याला हे जड जाईल. घर जंगलापासून तासाभराच्या अंतरावर असेल आणि वर्षातून चार रविवार देता येत असतील, तर माझ्या मते गावाकडे जावे. अंतर त्याहून जास्त असेल, तर अभयारण्याचा दिवस बरा. गावाकडे जायचे ठरले, तर जूनचा दुसरा आठवडा उलटण्याआधी ग्रामसभेला कळवावे, कारण टोळी पडायला लागली की कुणाची वाट पाहता येत नाही. विळा आपलाच न्यावा आणि तो आदल्या दिवशी पाजवून ठेवावा. तिथे सगळ्यांना पुरतील इतके विळे नसतात.